सहा नंबरचं तांबं

माणूस काय खातो आणि त्यातलं काय बाहेर टाकतो, हे मोजणं माझं काम आहे. नातेवाइकांना मी 'आहारशास्त्रात पीएचडी करते' एवढंच सांगते, आणि पंगतीत बसलेली असले तर तेवढंही सांगत नाही. आई मात्र येईल त्याला ऐकवते की आमची रुक्मिणी लोकांना जेवायला घालते आणि वर जेवल्याबद्दल त्यांनाच मानधन देते.

सात रस्त्याच्या चौकाला लागून एका इमारतीचा दुसरा मजला आम्ही घेतला आहे. तिथे आठ पुरुष अठरा आठवड्यांसाठी राहायला आले होते. आम्ही देऊ तेच खायचं, आम्ही देऊ तेच पाणी प्यायचं. भाकरी माझ्या काट्यावर तोलून ताटात पडायची. जेवण झालं की ताटात शुद्ध पाणी घालून बोटानं विसळायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं, कारण ताटाला चिकटलेलं अन्न हेसुद्धा अन्नच. पहिल्या दिवशी शहरातल्या दोघांनी तोंडं वाकडी केली. गुंडा मात्र म्हणाला, "आमचा आजा असंच प्यायचा की. अन्नाला पाठ दावायची न्हाय म्हनायचा." मला तो माणूस तेव्हाच आवडला होता, आणि पुढे जे झालं त्याला माझं ते आवडणंही थोडं कारण आहे.

गुंडा म्हणजे स्वयंसेवक क्रमांक सहा. मंगळवेढ्याकडचा धनगर, वय चौतीस, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. त्याच्या कारखान्यात नवे माग बसत होते म्हणून त्याला सवड होती. अंगानं काटक, बोलायला कमी. पण बाकीचे सात जण 'टीव्ही कधी लावणार' एवढंच विचारायचे, आणि गुंडा विचारायचा, "मॅडम, ह्यातनं उत्तर कवा निघंल?"

त्याला उत्तराची घाई का होती ते फॉर्म भरतानाच कळलं होतं. त्याची मुलगी प्रियंका, वय अकरा, जन्मतः एक दोष घेऊन आलेली. तुमच्या-माझ्या अंगातलं जादा तांबं पित्तावाटे निघून जातं. तिच्या अंगातलं निघत नाही, साठत जातं, आधी यकृतात, मग मेंदूत. दोन वर्षांपूर्वी निदान झालं. आता तिला दिवसातून तीनदा जस्ताचं औषध असतं, कारण जस्त आतड्यातच तांब्याची वाट अडवतं. शिवाय पथ्य. शेंगदाणे, तीळ, चॉकलेट बंद, आणि मटणातलं काळीज, म्हणजे बकऱ्याचं यकृत, तर जन्मात खायचं नाही, कारण तांबं सगळ्यात जास्त काळजात.

गुंडाचा प्रश्न साधा होता. पोरगी शाळेत कुणाच्या तरी डब्यातले चार शेंगदाणे तोंडात टाकतेच. मग त्या तांब्यामुळे तिला दिलेलं जस्त अंगी लागायचं थांबतं का? योगायोग असा की आमचा प्रश्नही जवळपास हाच होता. जस्त फार झालं की तांब्याला आड येतं, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. उलट काय होतं? जेवणातलं तांबं कमी-जास्त झालं तर जस्ताच्या शोषणात फरक पडतो का? जवळपास म्हणते, कारण निरोगी माणसाचं उत्तर आजारी पोरीला जसंच्या तसं लागू होत नाही. हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. "जवळपास तर जवळपास," तो म्हणाला आणि सही केली.

सहा आठवडे कमी तांब्याचं जेवण, सहा आठवडे मध्यम, सहा आठवडे जास्त. प्रत्येक टप्प्यात एकदा खूण केलेलं जस्त प्यायला द्यायचं. खूण केलेलं म्हणजे तेच जस्त, फक्त त्याचा अणू थोडा जड, म्हणजे प्रयोगशाळेला ते गर्दीत ओळखू येतं. मग पुढचे दहा दिवस सगळं गोळा करायचं आणि किती जस्त अंगी लागलं ते काढायचं. आणि माणसं आठ हवीत. सातावर निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्हीच सुरुवातीला गणित करून, लिहून, मंजूर करून घेतलं होतं. एक गळला की माझी तीन वर्षं पाण्यात. हे मी रोज सकाळी डोळे उघडले की स्वतःला आठवण करून द्यायचे, जणू विसरणारच होते.

पहिले दोन आठवडे बरे गेले असं म्हणवत नाही, पण गेले. सोलापुरात, ऐन एप्रिलात, आठ माणसांना शेंगाचटणीशिवाय कोंडून ठेवायचं म्हणजे काय ते मला विचारा. दोन नंबर दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायचा. पाच नंबर भाताकडे बघून उसासे टाकायचा. खालून रिक्षांचे हॉर्न, वर तापलेला पत्रा, आणि मध्ये मी हातात वही घेऊन कुणाच्या ताटात किती कण उरले ते बघत फिरणारी. मला तसंही एका जागी बसवत नाही. तिथे तर मी बसल्याचं आठवतच नाही.

सोळाव्या दिवशी, रविवारी, गुंडाला गावी बिरोबाच्या जत्रेला जायचं होतं. मुकुंद सर, म्हणजे माझे गाइड, स्पष्ट नाही म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्यांना खूण केलेलं जस्त द्यायचं होतं. पण गुंडा दोन दिवस माझ्यामागे होता. "वर्सातनं एकदा आसतंय मॅडम. थोरला ल्योक हाय म्या. गेलो न्हाय तर आई दारात उभी करनार न्हाय." मी सरांशी भांडले. डबा मी तोलून देते, पाणी देते, संध्याकाळी सातला माणूस परत, मग अडचण काय? सर शेवटी म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर." मला भांडण जिंकल्याचा एवढा आनंद झाला की ते वाक्य मी नीट ऐकलंच नाही.

गुंडा सातला दहा मिनिटं असताना परत आला. कपाळावर भंडारा, हातात रिकामा डबा. डबा विसळून प्यायलेला. मी वहीत बरोबरची खूण केली.

अहवाल आला तो त्यानंतर बारा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी. सात जणांचे आकडे शहाण्या मुलांसारखे. सहा नंबर बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कमी तांब्याच्या टप्प्यात आम्ही प्रत्येकाला दिवसाला पाऊण मिलीग्रॅम तांबं देत होतो. जत्रेनंतरच्या दोन दिवसांत सहा नंबरच्या शौचात रोजचं चार मिलीग्रॅम होतं. माणसाचं शरीर बरंच काही करतं, पण तांबं तयार करत नाही. पोटात गेलं असल्याशिवाय ते बाहेर आलं नव्हतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. सोजरबाई गेली दोन वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करते. माझ्या आईच्या वयाची बाई, पण त्या दिवशी मी वय बघितलं नाही.

"सोजरबाई, सहा नंबरच्या ताटात काय घातलंत?"

"काय घालनार ताई? तुमी तोलून दिलं त्येच की."

"शेंगदाण्याचं कूट?"

"कूट हितं हाय कुटं? वासाला बी ठेवलं न्हाय तुमी."

मी तिची खुंटीवरची पिशवी उघडली. आत तिचा स्वतःचा डबा होता आणि डब्यात बोटभर चटणी. मला तेवढं पुरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. ती म्हणत होती की मी जिन्यात बसून खाते, हात साबणानं धुते. मी म्हणत होते, उद्यापासून येऊ नका. शेवटी तिनं पदर खोचला, पिशवी उचलली आणि दारातून वळून म्हणाली, "खाई त्याला खवखवे, ताई. मला काय बी खवखवत न्हाय."

ती जिना उतरून गेली आणि मग मी कॅल्क्युलेटर घेतला. एवढं तांबं चटणीतून यायचं तर गुंडाला पाऊण किलो चटणी खावी लागली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दोन-तीन घासांत इतकं तांबं देणारी गोष्ट एकच असते, आणि ती त्याला मिळाली असणार जत्रेतच. हे मला त्या क्षणी कळलं होतं. पण जत्रेला मी पाठवलं होतं. म्हणून ते कळलेलं मी मनात एका कोपऱ्यात ढकललं आणि वर टोपली पालथी घातली.

गुंडाला मी विचारलं, नाही असं नाही. तो खाटेवर बसून पायानं फरशीवर ठेका धरत होता, मागाचा ठेका असावा.

"गुंडाभाऊ, जत्रेत काही खाल्लंत का?"

"तुमी दिलेला डबा खाल्ला की."

"दुसरं काही?"

त्यानं खिडकीकडे बघितलं. ठेका थांबला. "डबा सगळा खाल्ला मॅडम. विसळून प्यालो."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता, हेही मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी विचारलं नाही.

सरांना फोन केला. सर शांतपणे ऐकून म्हणाले, "नमुन्यात बाहेरून तांबं मिसळलं असेल. नमुन्यांचे डबे ऍसिडनं नीट धुतले नसतील. तसं असेल तर ते दोन दिवस गाळता येतात, आठही जण राहतात. पण आहाराच्या नोंदीवर सही तुझी असते. तुझी खात्री असेल तर तसं लिही. मी पुन्हा विचारणार नाही." हा सज्जनपणा होता की अंग काढून घेणं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वही घेतली आणि लिहिलं, नमुना हाताळताना बाहेरचं तांबं मिसळल्याची शक्यता, आहाराचं पालन पूर्ण. खाली सही केली. सुरेख सही आली.

शनिवार मात्र सरता सरेना. मीठ तीनदा तोललं. तिन्ही वेळा तेवढंच भरलं तरी चौथ्यांदा तोललं. जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं सर आले. दुपारी दोन नंबरनं भाकरीचा काठ ताटात ठेवला तेव्हा मी त्याच्या अंगावर ओरडले. दोन ग्रॅम होता तो काठ. मी त्याला म्हणाले, "खोट्या आकड्यांवर शास्त्र उभं राहत नाही, कळलं का?" बोलून गेले आणि मलाच माझ्या कानफटात द्यावीशी वाटली. घरी आईनं विचारलं, "काय गं, बसल्या जागी पाय काय नाचवतेस? कुणी मागे लागलंय का?" मी म्हटलं, उकडतंय. संध्याकाळी सोजरबाईला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "येते उद्या. पर माज्या पिशवीला हात लावायचा न्हाय." मी कबूल केलं. एक ओझं उतरलं आणि दुसरं त्यामुळे जास्तच जड लागायला लागलं.

रविवारी चार वाजता भेटीची वेळ असते. गुंडाची बायको विजयमाला आणि प्रियंका आल्या. दारात त्यांच्या पिशव्या तपासायचं काम माझंच. प्रियंका वयाच्या मानानं लहान दिसते, मनगटं काडीसारखी, पण डोळे सगळीकडे. ती टेबलावरच्या काट्याला चिकटली. मी तिला तिची केसांतली पिन तोलून दाखवली. ती खूश झाली.

"तुमीच का त्या मॅडम? तुमच्यामुळं अप्पा शेंगा खात न्हाईत त्या?"

"तू तरी कुठे खातेस?"

तिनं आईकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "येकांदी खाते. पर काळीज न्हाय खाल्लं. आजीनं हातात दिलं हुतं जत्रंला. मानाचं. अप्पानं माज्या हातातनं हिसकलं आन् सोताच खाल्लं, सगळ्यांम्होरं. आजी अजून बोलत न्हाय त्यास्नी."

"प्रियंका!" विजयमाला म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं की आता लपवून उपयोग नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून सांगायला लागली.

त्यांच्या घरात बिरोबाला बकरं पडलं की काळीज आधी निखाऱ्यावर भाजतात. देवाला दाखवतात आणि मग घरातल्या थोरल्या नातवंडाच्या हातात देतात. तो मान. ते टाकायचं नसतं आणि दुसऱ्या घरच्या माणसाला द्यायचं नसतं. मागच्या वर्षी प्रियंका दवाखान्यात होती म्हणून निभावलं. "या वर्साला आत्याबाई हटून बसल्या," विजयमाला म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, केराबाई. "म्हनल्या, पोरगी चांगली हिंडती-फिरती हाय. देवाचं खाऊन कुनाला बादलंय का आजवर? आन् ही बी बया, दोन वर्सांत चव बघितलेली न्हाय, लगी तोंडापत्तूर न्येलं. ह्यांनी इचार केलाच न्हाय. घेतलं आन् तोंडात घातलं. मला म्हनले, कुनाला तरी खायाच पायजे हुतं."

प्रियंकाची पिन अजून काट्यावरच होती. ती काढून तिच्या हातात दिली आणि आत गेले. मला राग हवा होता, गुंडावर, केराबाईवर, कुणावरही. आला नाही. कारण त्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि सही करताना मात्र मी दुसरंच काहीतरी केलं होतं.

त्या दोघी पाच वाजता गेल्या. सोजरबाई परातीत ज्वारीचं पीठ मळत होती आणि मी भाज्या तोलत होते, तेवढ्यात गुंडा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. स्वयंसेवकांना आत यायची परवानगी नाही. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पोरगी बोलली तुमास्नी."

"हो."

"म्या खोटं बोललो न्हाय मॅडम. पर खरं बी बोललो न्हाय. तुमी शुक्रवारी इचारलं तवा जीब उचलंना. वाटलं, आता हाकलून देत्याल, मग उत्तराचं काय?" तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. "येवढंच इचारायचं हुतं. माज्या खान्यानं उत्तर चुकंल का?"

किती सोपं होतं. मी म्हणाले, "काळजी करू नका. ते मी सांभाळलंय."

"म्हंजी?"

"ते दोन दिवस काढून टाकलेत. नमुना खराब झाला होता असं लिहिलंय."

त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तो कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिला. मागावर धागा तुटला की तो कुठे तुटला ते माणूस मागे-मागे जाऊन शोधतो, तसा.

"पर नमुना खराब न्हवताच की."

"नव्हता."

"आन् जस्त तर तुमी दुसऱ्याच दिशी पाजलं. तवा ते काळीज पोटातच हुतं. त्ये जस्त तुमी मोजनार न्हवं?"

"मोजणार."

"मंग त्ये कमी तांब्याच्या मानसाचं म्हनून मोजनार. आन् म्या तर कमी तांब्याचा न्हवतोच त्या दिशी."

सोजरबाईचे हात परातीत थांबले. मी तीन वर्षं शिकून जे वळणं घेत घेत टाळत होते, ते या माणसानं उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या चार वाक्यांत मांडलं होतं. मी म्हणाले, "एकट्याच्या आकड्यानं एवढा फरक पडत नाही, गुंडाभाऊ. आठ जण आहेत." हे खोटं होतं. आठ जणांत एक म्हणजे फार होतो, म्हणून तर आठ लागतात.

गुंडानं माझ्याकडे सरळ बघितलं. आवाज चढवला नाही.

"म्या खाल्लं त्ये पोरीसाठी. तुमी लिवलं त्ये कुनासाठी?"

उत्तर होतं, एका शब्दाचं, पण ते तोंडातून काढायची माझी छाती झाली नाही. मला रडू आलं. सोजरबाईसमोर, तिला शुक्रवारी चोर ठरवणाऱ्या माझ्या तोंडानं, मी रडायला लागले. तिनं पीठ लागलेल्या हातानं मला स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

वही आणली. शुक्रवारची ओळ एका रेषेनं खोडली, अशी की खालचं वाचता येईल, कारण आमच्याकडे नियम तसाच आहे. तारीख घातली. आणि लिहायला घेतलं: जत्रेच्या दिवशी बकऱ्याचं काळीज, निखाऱ्यावर भाजलेलं. मग पेन थांबलं.

"किती होतं?"

"दोन तुकडं."

"ग्रॅममध्ये?"

"त्ये कसं सांगू? म्या काय तोलून खाल्लं व्हय?"

मी म्हणाले, अंदाजे साठ लिहिते. त्यानं मान हलवली. "साट न्हाय. अंदाजानं लिवू नगा आता." त्यानं परातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, या आत. त्यानं हात धुतले, परातीतला एक लचका तोडला आणि तळहातावर दाबून चपटा केला, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. जन्म बकऱ्यांत गेलेला माणूस, त्याच्या बोटांना आकार ठाऊक होता. दुसरा तुकडा केला, बघितला, मोडला. "ह्यो थोरला हुता." पुन्हा केला. सोजरबाई वाकून बघत होती. तिनं आपण होऊन परात त्याच्याकडे सरकवली.

दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले. चौऱ्याण्णव. पीठ आणि काळीज वजनाला अगदी सारखं नसतं, थोडा फरक धरावा लागतो, तेही मी कंसात लिहिलं. गुंडाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हां. आता बराबर."

"तुम्ही यातून बाहेर झालात, गुंडाभाऊ," मी म्हणाले. "आणि सातावर उत्तर निघत नाही."

हे त्याला ठाऊक नव्हतं. तो खाली फरशीवरच बसला. बराच वेळ हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिला. त्याचं उत्तर गेलं होतं. माझी तीन वर्षं गेली होती, पण त्या घटकेला मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, आणि ते वाटल्याचं मला जरा बरंही वाटलं.

"पैल्यापासनं न्हाय करता येत?" त्यानं विचारलं. "पुन्ना धा दिस, पुन्ना जस्त. म्या ऱ्हातो की."

"ते सरांवर आहे. आणि त्यांनी मला ठेवलं तर."

"मंग इचारा."

मी फोन लावला. गुंडा उठून उभा राहिला, पण बाहेर गेला नाही. तिकडे सरांच्या घरी टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं.

"हं, बोल रुक्मिणी."

"सर, सहा नंबरनं जत्रेत काळीज खाल्लं होतं. चौऱ्याण्णव ग्रॅम," मी म्हणाले. "आणि मला ते शुक्रवारीच कळलं होतं. कळल्यावर मी सही केली."